तानाजीची उंच सायकल

बाळकुमचा तानाजी चणीनं बुटका. खोपटला तासावर सायकली देण्याचं त्याचं छोटं दुकान होतं आणि त्यात एक सायकल अशी होती की तिला तो जिवापाड जपायचा. जुन्या बाजारातून एकेक भाग गोळा करून त्यानं ती शर्यतीसाठी जुळवली होती. आयुष्यात एकदा तरी खरी शर्यत मारायची, एवढीच त्याची हौस. त्यापायी गड्याला बायकोसुद्धा करायची सवड झाली नव्हती.

मधु हा नौपाड्यातल्या वकिलांचा मुलगा, तानाजीचा शाळेपासूनचा दोस्त. देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून मधुच्या वडिलांनी एक उघडी मोटार घेतली होती. दोनच माणसांची, टप मागं दुमडणारी, दिसायला झोकदार. सामान ठेवायला मात्र तिच्यात नावाला जागा नव्हती. तानाजीनं लोहाराकडून मोटारीच्या मागं बसेल असं लोखंडी कॅरियर करून घेतलं. रंग खरवडू नये म्हणून त्यावर आईची जुनी गोधडी घातली, वर दोन सायकली उभ्या केल्या आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून टाकल्या. दर रविवारी दोघं घोडबंदरच्या रस्त्यानं गायमुखापर्यंत जायचे. सायकली उतरवून शर्यत लावायचे आणि दर वेळी तानाजी जिंकायचा. मधु हसत म्हणायचा, "तान्या, तुला कल्याणच्या शर्यतीत उतरवतोच बघ!"

सन चौपन्नच्या दसऱ्याला ती शर्यत ठरली. कल्याणहून मुरबाड आणि परत. तानाजीचं नाव द्यायचं मधुनं आपल्या अंगावर घेतलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा तानाजीच्या घरचा नेम. त्याची आई ठमाबाई त्या बाबतीत फार कडक. "एकदा पूजा झाली का हत्याराला हात नाय लावाचा पोरा," तिनं बजावलं. म्हणून तानाजीनं पूजेआधीच मधुच्या अंगणात मोटारीवर सायकली बांधल्या, समोर नट खोलायचे आपले पाने मांडले आणि मोटारीसकट सगळ्यांची एकत्रच पूजा केली. हँडलला झेंडूची माळ घातली. सायकल, पाने, सगळं तिथंच ठेवून तो रिकाम्या हातांनी घरी आला.

"वाटेवरच तर आहे बाळकुम. सकाळी नाक्यावर उभा राहा, उचलतो तुला," मधु म्हणाला.

दसऱ्याला उजाडताच तानाजी धुतलेली अर्धी चड्डी घालून नाक्यावर हजर. मोटार आली. मधुच्या शेजारी एक उंचच उंच, चष्मेवाला गृहस्थ बसला होता. तो प्रभाकर. मधुचं लग्न जिच्याशी ठरत होतं त्या सुमेधाचा पुण्याचा भाऊ.

मधुनं वेग कमी केला, पण मोटार थांबवली नाही. "जागाच नाही रे! दोघांचीच गाडी! येतो मग!" असं ओरडून तो पुढं गेला.

तानाजीला आधी वाटलं, पाहुण्याला सोडून हा मला न्यायला परत येणार. इतका तो भोळा. मग मोटारीची मागची बाजू दिसली. माळ घातलेली त्याची सायकल गोधडीवर उभी होती आणि तिची सीट वीतभर वर चढवलेली होती. इतके दिवस आत दडलेली दांडी उन्हात लखलखत होती. पूजेतले त्याचेच पाने उचलून कुणीतरी ती चढवली होती.

केसानं गळा कापला म्हणतात तो असा. तानाजी भर नाक्यावर रडला आणि त्याला कुणाची लाज वाटली नाही.

संध्याकाळी मधु मोटार घेऊन दारात आला. एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात चांदीचा कप. "तान्या, सोनं घे! अरे, तुझ्या सायकलनं शर्यत मारली! सुमेधाकडची मंडळी खूश झाली. एवढं काय मनाला लावून घेतोस?"

तानाजी काही बोलायच्या आत ठमाबाई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. माळेची सायकल, कप, दारातली मोटार पाहून म्हातारीला जे वाटायचं तेच वाटलं. "माजा पोर जितला गो बाय! धर, तो कप हातात धर!"

मधुनं कप तानाजीच्या हातात दिला. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, पोरावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. ती डोळे पुसत आत गेली तशी मधुनं हळूच हात पुढं केला.

"दे रे तो. प्रभाकरला द्यायचाय."

तानाजीनं कप दिला. आपट्याची पानं घेतली नाहीत. मग त्यानं सायकल उतरवली, मोटारीतून आपले पाने काढले आणि कॅरियरचे नट एकेक करून सोडवले. आईची गोधडी झटकून खांद्यावर टाकली. आत ठमाबाई शेजारणींना साखर वाटत होती. ती वारेपर्यंत तिला खरं काय ते त्यानं कळू दिलं नाही.

ती सायकल त्यानं पुढं तशाच चढवलेल्या सीटनं भाड्याला लावली. उंच गिऱ्हाईक आलं की तीच काढून द्यायचा. एखादा बुटका सीट खाली कर म्हणाला, तर पाने हाताशी असून सांगायचा, "ती खाली होत नाय. दुसरी घ्या."