हात लावलेली माती

आमच्या सासूबाई, सुमनबाई, लेकराच्या जखमेला कधी हात लावत नाहीत. माझी लुंबिनी लहानपणी गुडघे फोडून यायची, तर सासूबाई मलमाची डबी लांबूनच माझ्याकडे सरकवायच्या. मला संताप यायचा. काय दगडाचं काळीज आहे या बाईचं, असं वाटायचं. कारण कळलं तेव्हा तो संताप दुसरीकडे वळला.

नायगावजवळच्या आमच्या गावात बारवेमागं पिवळ्या मातीचा खड्डा आहे. चिघळलेल्या जखमेवर ती माती लावायची, हा निजामाच्या काळापासूनचा इलाज. माती द्यायचा मान एकाच घराचा. आमच्या वस्तीतल्या बायांनी लांब बसायचं आणि वरून टाकलेला गोळा पदरात झेलायचा. आमचा हात लागला तर माती बाटते म्हणे, तिचा गुण जातो! सासूबाईंच्या थोरल्या लेकाच्या, प्रेमच्या, पायाचं गळू चिघळलं तेव्हा त्या त्याला मांडीवर घेऊन दिवसभर तिथं उन्हात बसल्या. लांबूनच पाया पडल्या. दिवस मावळताना गोळा मिळाला. वाटेत पदर सुटला आणि त्यांनी तो गोळा हातानं सावरला. त्याच आठवड्यात पोर गेलं. गाव म्हणालं, आईनंच माती बाटवली.

घरात बुद्धाची तसबीर आहे, नवससायास काही नाही. तरी ही घाण सासूबाईंच्या डोक्यातून पन्नास वर्षं निघाली नाही.

लुंबिनी आता लातूरच्या एका कॉलेजात जुन्या औषधी मातीवर संशोधन करते. कुठल्या मातीत खरंच जंतू रोखायची ताकद आहे, ते तपासते. मला सोबत घेऊन ती खड्ड्यावर गेली, तेव्हा माती देणाऱ्याचा मुलगा शेषेराव लगबगीनं पुढं आला.

"घ्या मॅडम, लागंल तेवढी घ्या. फक्त शास्त्रानं मान्य केली म्हणून लिहून द्या. पाकिटं करून इकतो."

तो हे बोलत होता आणि त्याची म्हैस खड्ड्याच्या काठावर मुतत होती. किळस आली मला, म्हशीची नव्हे.

घरी येऊन लुंबिनीनं एक भाग स्वच्छ चमच्यानं बाटलीत भरला. दुसरा आजीपुढं ठेवला.

"आजी, ही हातानं मळ."

"न्हाई गं माय. पुन्यांदा ते पाप नको."

"तुझ्या हातानं काय होतंय, तेच बघायचं हाय."

सासूबाईंनी डोळे मिटून माती मळली.

पुढच्या खेपेला लुंबिनीनं मोबाइलवर फोटो दाखवला. काचेच्या दोन बशा, पुवाच्या जंतूंवर एकीत हातानं मळलेली माती घातलेली, दुसरीत हात न लावलेली. जंतू दोन्हीकडे सारखेच माजलेले.

"दुसऱ्या एका गावच्या मातीनं जंतू रोखले, आजी. हिनं न्हाई. हात लावलेली असो, न लावलेली असो, हिच्यात गुणच न्हाई."

"म्हंजी माझ्या हातानं न्हाई गेलं लेकरू?"

"न्हाई."

मला वाटलं, आता रडतील, मोकळ्या होतील. सासूबाई आपले तळहात बघत बसल्या. मग तोंड वाकडं झालं. उठून मोरीत गेल्या आणि थुंकल्या.

"दिसभर बसवलं त्या माती देणाऱ्यानं मला ह्या चिखलासाठी," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात नांदेडचा दवाखाना गाठला असता की मी."