राहिलेली गाथा

माझी बायको विजयमाला महापालिकेच्या शाळेतून रिटायर झाली, तेव्हा आता घरात शांतता नांदेल अशी माझी भाबडी समजूत होती. महिनाभरात तिने बौद्धाचार्याचं शिबिर केलं. म्हणजे समाजातली लग्नं, नामकरणं, गृहप्रवेश हे विधी पार पाडायचं शिक्षण. विश्रांतवाडीत आमच्या बाजूला हे काम बहुतेक पुरुषच करतात. "बायकांनी लग्नात नुसती फुलंच टाकायची का?" असं तिने मला विचारलं, जणू बंदी मीच घातली होती.

आमच्या लग्नात वधूवरांवर फुलं टाकताना आठ पाली गाथा म्हणतात. बुद्धांनी कुणाकुणावर प्रेमाने आणि शांतपणे विजय मिळवला, त्याची एकेका गाथेत एकेक गोष्ट. एकीत पिसाळलेला हत्ती, एकीत अंगुलीमाल, एकीत त्यांच्यावर खोटा आळ घेणारी बाई. आठही गाथांची शेवटची ओळ मात्र एकच असते आणि ती सगळा हॉल मिळून म्हणतो. मीही म्हणतो, चांगला आवाज लावून.

विजू लहानपणापासून हे सगळ्यांबरोबर म्हणत आलेली. त्यामुळे "मला येतातच की" अशा थाटात ती पहिलं लग्न लावायला टिंगरेनगरला गेली. पुष्कळ जण पुस्तक समोर धरून म्हणतात, त्यात काही कमीपणा नाही. पण बाईंचा हट्ट! "जन्मभर पोरांना पुस्तकं मिटायला लावली, आता मी उघडू?" चौथी गाथा झाली, हॉलने शेवटची ओळ म्हटली, फुलं पडली आणि हिला कळेना की आपण कुठे आहोत. प्रत्येक गाथा त्याच ओळीवर येऊन थांबते. पुढचा रस्ता कुठला, हे ओळ थोडीच सांगते? ती सरळ सहावीवर गेली. शेवटी तिने हात जोडले, तेव्हा पहिल्या रांगेतले सोनबा आजोबा म्हणाले, "बाई, एक राहिली."

"असू द्या, संसाराला सात पुरतात," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. विजूने राहिलेली गाथा म्हटली, हसली, जेवलीसुद्धा. रिक्षात मात्र ती रडली.

त्यानंतर कुणी बोलावलं की तिची पाठ दुखायला लागायची. अशातच आमच्या निकिताचं लग्न ठरलं आणि कार्टीने जाहीर केलं, "आई, माझं लग्न तूच लावायचं. दुसरं कुणी नको."

"आणि चुकलं तर? तुझ्याच लग्नात चार लोक हसले तर?" विजू म्हणाली. तिला नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणायची छाती होत नव्हती.

मग फोनवर गाथांचं रेकॉर्डिंग सुरू झालं. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, सकाळ-संध्याकाळ. आमच्या कुकरलाही पाठ झाल्या असतील. विजू रेकॉर्डिंगबरोबर घडाघडा म्हणायची आणि फोन बंद केला की चौथीनंतर ठेचकाळायची. शेवटी ती विहारातल्या द्वारकाताईंकडे गेली. तिथली सगळ्यात जुनी मंडळी म्हणजे ताई. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, सोबतीने सगळ्यांनाच येतं. तू शाळेत काय करायचीस?"

"पुस्तक मिटून मध्येच कुठलंही विचारायचे."

"मग आता कुणी विचारायचं तेवढं ठरव."

ते अर्थातच माझ्यावर आलं. फोन बंद झाला. विजूने आधी प्रत्येक गाथेचा अर्थ नीट समजून घेतला आणि चहा गाळता गाळता मला आठही गोष्टी सांगितल्या. मग मी पुस्तक घेऊन बसायचं, वाटेल ती गाथा विचारायची आणि तिने न बघता म्हणायची. अडली तर मी पटकन सांगायचो, त्यावर मला बोलणी बसली. "लगेच सांगू नका हो! शोधू दे मला." मार्केट यार्डात मी एकदा मुद्दाम म्हटलं, "पाचवी!" तिने कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिथेच खणखणीत म्हटली. भाजीवाल्याने घाबरून आतली ताजी जुडी काढून दिली.

छान जमायला लागल्यावर तिने आणखी एक फर्मान काढलं. "आता आठवडाभर विचारू नका. थोडं विसरू दे." बाईचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. आठवड्याने ती दोन ठिकाणी अडली, कपाळाला आठ्या घालून बसून राहिली आणि दोन्ही जागा तिच्या तिलाच सापडल्या. त्या जागी ती पुन्हा कधी अडली नाही.

लग्न आळंदी रोडवरच्या हॉलमध्ये होतं. निकिता आणि जावई पांढऱ्या कपड्यांत उभे, विजू माईकसमोर रिकाम्या हाताने. सोनबा आजोबा पहिल्या रांगेत. हे गृहस्थ एकही लग्न सोडत नाहीत. चार गाथा सुरेख झाल्या. पाचवी अर्ध्यात आली आणि लोहगावच्या हवाई तळावरचं लढाऊ विमान नेमकं डोक्यावरून गेलं. आमच्याकडे विमान आलं की माणसं वाक्य तोंडात धरून थांबतात. पण इथे लोकांनी त्या गडगडाटातच अंदाजाने शेवटची ओळ म्हणून टाकली आणि फुलंही उधळली.

आवाज विरला. गाथा झाली की राहिली, कितवी होती, कुणालाच कळेना. निकिता आईकडे बघायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर टिंगरेनगर आलं.

विजूने क्षणभर डोळे मिटले आणि पाचवी पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मग सहावी, सातवी, आठवी. सोनबा आजोबांनी मान डोलावली. मी शेवटची ओळ अशी काही ठणकावली की विहीणबाईंनी वळून पाहिलं.

"विमान आलं तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं," निकिता तिला मिठी मारत म्हणाली.

"मलाही वाटलं. पण पाचवीतला बुद्धांवरचा खोटा आळ अजून फिटायचा होता ना? तो तसाच ठेवून पुढे कशी जाणार?" विजू म्हणाली. आणि रडली, पण या वेळी हसत हसत.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं रिकामं वाटत होतं. चहा घेताना मी सवयीने पुस्तक मांडीवर ओढलं. "तिसरी?"

"आता तुमची पाळी," ती म्हणाली आणि तिने पुस्तक उचलून मिटलं. "तुम्ही म्हणा."

ही गाथा मी किती वेळा विचारली असेल, ऐकली असेल! मी ऐटीत तोंड उघडलं. हत्ती आठवला, त्याची सोंड आठवली, पण पहिला शब्द काही येईना.

"शेवटची ओळ येते मला," मी म्हणालो.

ती सांगायला पुढे झुकली. मी हात वर केला.

"लगेच सांगू नकोस. शोधू दे मला."