सावडीच्या दिवशी लावलेला बाम

न दुखणाऱ्या डोक्याला बाम फासून मी एकदा दिवसभर पडून राहिले, आणि त्या शहाणपणापायी घरचा कापूस पाण्यात घालायला निघाले होते. आता नातसून माझ्या गुडघ्याला बाम चोळते, तेव्हा त्या वासानं अजूनही ती सावड आठवते.

जाफराबादजवळच्या आमच्या गावात आम्हा पाच जणींची सावड होती. आळीपाळीनं एकेकीच्या रानात सगळ्यांनी मिळून कापूस वेचायचा. चौघींनी आधी माझं अर्धं रान वेचून दिलं. मग थोरल्या सरूबाईंची पाळी आली, आणि आमच्या राणीसाहेबांचं, म्हणजे माझं, डोकं उठलं!

दोनच दिवसांनी भरदुपारी आभाळ काळं झालं. उरलेल्या रानात कापूस पांढराधोट फुटलेला, आणि वेचायला मी एकटी. बोंडांची टोकं बोटांत घुसत होती. लांब वीज कडाडली. पण मला खरी भीती वाटली ती रिकाम्या बांधाची. हाक मारायला मी तोंडच ठेवलं नव्हतं. वाटलं, आता कुणी येणार नाही. आज नाही, कधीच नाही.

तेवढ्यात मागं कपाशीच्या पऱ्हाट्या खसखसल्या. चौघी ओट्या बांधून वेचायलाही लागल्या होत्या.

मी रडतच विचारलं, "सरूबाई, मी तुमच्याकडं आले न्हाई, तरी आलात?"

त्या मान वर न करता म्हणाल्या, "तू न्हाई आलीस, तरी चौघी उरलो. आम्ही बी न्हाई आलो, तर सावडच उरत न्हाई. रडू नको, जल्दी वेच. अन् उद्या माह्या रानात ये. बाम लावूनच ये."