भागरताबाईचा रिपोर्ट

दुपारचे अडीच वाजलेत. दवाखान्यातली गर्दी ओसरली आहे, बाहेरचा बाक रिकामा आहे, आणि कुंदा सयाम प्रयोगशाळेतल्या टेबलावर कोपर टेकवून एका पांढऱ्या पट्टीकडे बघत बसली आहे. आतल्या खोलीत इंदिरा नेवारे तापानं फणफणली आहे. आज चौथा दिवस. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. म्हणून कुंदानं तिच्या बोटातलं थेंबभर रक्त जिल्ह्याहून नुकत्याच आलेल्या स्क्रब टायफसच्या किटवर सोडलंय. गवतातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या चाव्यानं येतो हा ताप. पंधरा मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर आहे, एकच उमटली तर नाही.

पहिली रेघ उमटते. पंख्याची घरघर लांब लांब जाते. कुंदाच्या पापण्या जड होतात.

"बाई, माहा रिपोर्ट आला का?"

दारात भागरताबाई उभी आहे. इंदिराची मोठी जाऊ. दोन वर्षांपूर्वी असल्याच तापात गेली ती. तेव्हा ही किट नव्हती. होत्या तेवढ्या तपासण्या कुंदानं केल्या नि तीनदा 'निगेटिव्ह' लिहिलं. घरच्यांना वाटलं, म्हणजे काहीच नाही. त्यांनी तिला घरी नेलं आणि नवव्या दिवशी ती गेली. तो कागद कुंदाच्या मनातून काही केल्या जात नाही.

ती गेलेली आहे हे कुंदाला आत्ताही पक्कं ठाऊक आहे. तरी ती स्टूल पुढे सरकवते.

"बसा, भागरताबाई."

"बसाले कोठं फुरसत हाय? गवत पडून हाय सारं."

पायाखालची फरशी ओलसर लागते. टेबल बांधावर आहे, आणि चहूकडे कमरेएवढं गवत डुलतंय. भागरताबाई वाकून सपासप विळा चालवते. कुंदा अंगातल्या पांढऱ्या कोटासकट मागून पेंढ्या बांधत जाते.

"रागावलात माझ्यावर?"

"कायले? तू का माह्या अंगात शिरून पाहनार होती?" भागरताबाई पाठ सरळ करते. "पन मले झालं का होतं, थे तं सांग. तिकडं बाया बसतात गोठी करत. कोनी म्हनते साप चावला, कोनी म्हनते बाळंतपनात गेली. मी का सांगू? निगेटिव्ह?"

कुंदा पेंढीची गाठ आवळते. मग ती हळूच विचारते, "अंगावर कुठं काळी खपली होती का हो? हा किडा चावतो तिथं पडते तशी?"

"होती ना. लुगड्याच्या गाठीखाली, बिडीचा चटका बसावा तशी. दुखे ना खाजे. कोनाले दाखवू? डॉक्टर बाप्या मानूस. अन् तू इचारलं नाही."

ती हे सहज बोलते. त्यात खोट काढल्यासारखं काही नाही.

आता दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आहेत. किटसोबत आलेलं नवं कोरं पॅड कुंदाच्या गुडघ्यावर आहे.

"लिहून दे मले," भागरताबाई म्हणते.

कुंदा पेन दाबून, एकेक अक्षर नीट काढत लिहिते आणि वाचून दाखवते. "भागरता नेवारे. स्क्रब टायफस."

"स्करब." भागरताबाई तो शब्द तोंडात घोळवून बघते. "सायबासारखं नाव हाय वं." कागदाची घडी करून ती कमरेला खोचते, उठते. "इंदिरी माह्याहून लाजरी हाय, बाई."

मोबाईलचा गजर वाजतो. पंधरा मिनिटं झाली. पट्टीवर एकच रेघ आहे. दुसरीचा मागमूस नाही.

'निगेटिव्ह' लिहायला कुंदा रजिस्टर उघडते आणि तसंच मिटते. आत जाऊन ती पडदा ओढून घेते.

"इंदिरा, साडीची गाठ जराशी सैल कर."

"कायले, बाई?"

"बघायचंय मला."

इंदिरा आधी भिंतीकडे तोंड फिरवते, मग गाठ सोडते. डाव्या कुशीला, गाठीच्या खाली, लाल कड्यात बसलेली काळीभोर खपली.

डॉक्टर ठवकर येतात तेव्हा इंदिरा तोंडावर पदर घेते, पण नाही म्हणत नाही. खपली बघून ते म्हणतात, "सुरुवातीच्या दिवसांत ही किट हुलकावणी देते. गोळ्या आत्ताच सुरू करा."

तिसऱ्या सकाळी ताप उतरतो. इंदिरा भात मागते, वर लोणचंही मागते.

पुन्हा तपासणीला कधी यायचं, त्याची चिठ्ठी तिला द्यायची म्हणून कुंदा कपाटातून किटसोबतचं ते नवं पॅड काढते. त्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही. पण पहिलं पान नाही. वरच्या कडेला फाटल्या कागदाची बारीक दातेरी पट्टी तेवढी उरली आहे.

दुसऱ्या पानावर पेनाचा दाब उमटलाय. ती पॅड खिडकीच्या उजेडात तिरपं धरते. 'भागरता नेवारे. स्क्रब टायफस.' अक्षर तिचंच आहे.