बाबांसाठी काढलेले रिकामे फोटो

भावाचं म्हणणं सरळ होतं. बाबांना इथलं काहीच ओळखू येत नसेल, तर त्यांना आकुर्डी काय नि नाशिक काय. मी त्यांना माझ्याकडे नेतो. मी म्हटलं, येतं ओळखू. तो म्हणाला, कशावरून?

म्हणून मी चार जागांची यादी केली. बाबांच्या कंपनीचं गेट, आकुर्डी स्टेशन, चिखलीतल्या विहाराचं अंगण, थेरगावची मंडई. चारही फोटो माणसांशिवाय काढायचे. फोटोत माणूस दिसला की बाबा त्याच्यावरच अडकतात. हा कोण, तो कोण, यात जागा राहूनच जाते.

मंडई आणि स्टेशन पहाटे उरकलं, विहार भर दुपारी. गेटसाठी रविवार धरला. सकाळी जाऊन पाहते तर फर्स्ट शिफ्टच्या बसमागून बस रिकाम्या होत होत्या.

"मॅडम, रविवारी कंपनी बंद असती असं कुणी सांगितलं?" वॉचमन म्हणाला. "बाहेरगावच्या दिसताय."

कामगाराच्या घरात वाढले मी. इथल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. आमच्याकडे मटणही गुरुवारीच शिजायचं. वीस वर्षं पुण्यातल्या ऑफिसात रविवार पाळून हेच विसरले होते. गुरुवारी परत गेले. गेटवर चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी बाबांपुढे फोन धरला. गेट पाहून ते लगेच म्हणाले, "गुरुवार."

मी खूश होऊन यादीत खूण केली. मग स्टेशन दाखवलं. "गुरुवार." विहार. "गुरुवार." गुरुवारी जिथं पाय ठेवायला जागा नसते ती मंडई, तीही "गुरुवार."

"पण बाबा, जागा कुठली?"

"माणूसच नाही त्यात. विचारू कुणाला?"

तेवढ्यात बाबांच्या मोबाइलवर भावाचा फोन आला. "ओळखलं का? हो का नाही, एवढंच बोल."

"गेट ओळखलं. बहुतेक."

"बहुतेक? तुझ्या यादीत बहुतेक कधीपासून आलं, ताई?"

केलेली खूण ठेवू की खोडू, कळेना. बाबा अजून मंडईचाच फोटो बघत होते. एकदम चिडून म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना हाकललंस तू?"

हे ओळखणं झालं का?

"आठवडाभर थांब," मी भावाला म्हटलं.

"म्हणजे नाहीच ना?"

"म्हणजे थांब."