गुळातला जायफळाचा मुरंबा

सिंगापुरात, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये आमची ती पहिलीच होळी. पुरणात घालायला मी सहाणेवर जायफळ उगाळत होते, दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी कॉरिडॉरमधून जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, हा तर माझ्या गावचा वास.

आंटींचं गाव म्हणजे ग्रेनाडा, कॅरिबियन समुद्रातलं एक छोटं बेट. नवऱ्याला सेम्बावांगच्या गोदीत नोकरी लागली, म्हणून लग्नानंतर त्या इकडे आल्या. आता नवरा नाही, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नाहीत.

मी कोकणातल्या गावच्या शाळेत शिकले. घरातली पहिली पदवीधर. पण त्या बेटाचा इतिहास मला कळला तो आंटींच्या दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. आधी फ्रेंच आले, मग इंग्रज. आफ्रिकेतून माणसं बेड्या घालून आणली आणि त्यांच्याकडून ऊस पिकवून घेतला. आंटी त्यांच्याच वंशातल्या. पुढे साखरेला भाव राहिला नाही, तेव्हा जायफळाची झाडं लागली. ती मूळची इकडची, पूर्वेच्या बेटांवरची. सिंगापुरातही इंग्रजांनी जायफळाच्या बागा लावल्या होत्या. त्या रोगाने गेल्या, आणि तिथे आता मॉल उभे आहेत. ग्रेनाडाच्या झेंड्यावर मात्र अजून जायफळ आहे.

आमच्या वाडीतही सुपारीच्या सावलीला जायफळाची झाडं आहेत, त्यांनी माझ्या कॉलेजला हातभार लावला, असं मी सांगितलं. आंटींनी विचारलं, फळाच्या सालीचं काय करता? ती जाड पिवळी साल आम्ही झाडाच्या बुंध्याशीच टाकतो. हे ऐकून त्या हळहळल्या. त्यांची आई त्या सालीचा मुरंबा करायची, पावाला लावून खायला.

“मरायच्या आत एकदा खायचाय,” त्या म्हणाल्या, आणि लगेच माझ्या मुलीच्या शाळेचं विचारू लागल्या.

मी आईला फोनवरून कृती सांगितली. साल किसायची, साखरेत शिजवायची, वर दालचिनी. गणपतीला घरी गेले तेव्हा बरणी तयार होती, फडक्यात घट्ट बांधलेली. ती उघडली थेट पुंगोलला आल्यावर. मुरंबा काळपट तपकिरी होता. आंटींनी तर मधासारखा रंग सांगितला होता. मी आईला फोन लावला.

“अगं, गूळ घातला,” आई म्हणाली. “घरात एवढा चांगला गूळ असताना साखर कशाला? आणि आजारी बाईला गूळच बरा.”

मी फोन ठेवला. बरणी घेऊन समोर गेले आणि आधीच माफी मागितली. आंटींनी चमच्याच्या टोकावर थोडा घेतला, चाखला, आणि मान हलवली. “हा आईचा नाही.”

मी बरणीला झाकण लावायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. दुसरा चमचा तोंडात घेऊन त्या डोळे मिटून बसल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. त्यांच्या आजीच्या काळात चांगली साखर बोटीत चढायची. कामकऱ्यांच्या घरात यायची ती ओलसर, काळी, तळाची. आजी मुरंबा त्यातच करायची. आईच्या हातात पांढरी साखर आली आणि ती चव घरातून गेली. आंटी तेव्हा अगदी लहान होत्या.

“विसरले होते मी हिला,” त्या म्हणाल्या. ‘हिला’ म्हणजे चवीला की आजीला, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं. तिला एवढंच कळलं, की मुरंबा आवडला. “मग पुढच्या गणपतीला इकडेच घेऊन ये की त्यांना. झाडाखाली बसतील.”

निरोप मी तसाच पोचवला. आंटींनी विचारलं, त्या झाडाखाली गार असतं का, आणि पिकलेलं फळ फुटतं तेव्हा आतली जायपत्री लालभडक दिसते का. मी हो म्हटलं. त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि ती खिडकीपासून लांब, सावलीत ठेवली.