येऊरच्या उतारावरच्या काकू

नव्वदच्या सुमारास मी दर रविवारी सकाळी वर्तकनगरहून सायकलने उपवन तलावाच्या कडेने येऊरला जायचो. चढावर पन्नाशीच्या एक काकू दिसायच्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली आणि हातात दांड्याची जेन्ट्स सायकल. चढ त्या सायकल ढकलत चढायच्या.

एकदा वर पोचल्यावर मी त्यांना पाणी दिलं.

"सायकल मिस्टरांची," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर मुलगा विकायला निघालेला. म्हटलं, थांब, मी शिकते."

"काकू, उतारावर भीती नाही वाटत?"

"वाटते ना! पण यांच्या मागे बसायचे, तेव्हा अख्खा उतार डोळे मिटून घ्यायचे. खाली एवढं मोठं तळं दिसतं, हे आत्ता कळलं."

बाटली परत देऊन त्या सायकलवर बसल्या. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी ब्रेक लावलाच नाही. मी मात्र ब्रेक दाबत दाबतच उतरलो.